हुकूम माझा होता: कॅप्टनचे एसपी झालेल्या साहेबांचं एक प्रकरण

सोलापुरात विजापूर रोडला पोलीस भरतीच्या पोरांना मी कायदा शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, नोकरीची बहुतेक वर्षं रीडर शाखेत, म्हणजे साहेब लोकांचे अहवाल आणि मसुदे सांभाळणाऱ्या शाखेत, कागद हाताळण्यात गेली, त्यातलं जे अंगात मुरलंय ते सांगतो. प्रत्येक बॅचला दोन-चार माजी सैनिक असतातच. गट क आणि ड च्या पदांत त्यांना 15 टक्के आरक्षण आहे. वयानं थोराड, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, वहीची पानं आखलेली. यातला एखादा चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास विचारतो, "सर, फौज आणि पोलीस, दोन्हीकडं वर्दी, दोन्हीकडं हुकूम. मग फरक कुठं पडतो?"

उत्तर म्हणून मी हे प्रकरण सांगतो. साहेबांचं नाव सांगत नाही, जिल्ह्याचंही नाही. अट त्यांचीच. "माणूस ओळखू आला की लोक प्रकरण वाचत नाहीत, माणूसच वाचत बसतात," असं त्यांचं म्हणणं. घटना सोलापूर जिल्ह्यातली नाही, एवढं मात्र सांगतो. साहेब सोलापूरचे, मीही सोलापूरचा. दूरच्या जिल्ह्यात आमची गाठ पडली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "शेंगा चटणी आणलीय का बे?" एसपीच्या तोंडून 'बे' ऐकल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.

साहेब

वडील जुन्या गिरणीत साच्यावर. घर एका खोलीचं, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. साहेब दयानंद कॉलेजातून बीए झाले आणि त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. 26 ऑक्टोबर 1962 ला आणीबाणी जाहीर झाली. फौजेला अधिकारी कमी पडत होते, म्हणून तातडीच्या कमिशनवर पदवीधर पोरं घेणं सुरू झालं. त्यासाठी 1963 मध्ये मद्रास आणि पुणे अशा दोन ठिकाणी प्रशिक्षण शाळा उघडल्या. साहेब पुण्याच्या शाळेतून पायदळात गेले. 1965 च्या युद्धात सीमेवर होते. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत आणि मीही विचारलं नाही.

कमिशनच मुळात तात्पुरतं. युद्ध ओसरलं, जानेवारी 1968 मध्ये ती आणीबाणीही उठली आणि हजारो तरुण कॅप्टन-लेफ्टनंट मोकळे होऊ लागले. त्यांच्यासाठी केंद्राच्या सेवांमध्ये जागा राखून ठेवल्या होत्या. परीक्षा द्यायची आणि त्या जागांवर यायचं. फौजेतली वर्षं पुढच्या ज्येष्ठतेत कशी धरायची यावरून नंतर बरेच कोर्टकज्जे झाले, तो वेगळा विषय. साहेबांना भारतीय पोलीस सेवा मिळाली. पोलीस अकादमी तेव्हा हैदराबादला नव्हती, माउंट अबूला होती. हैदराबादला ती गेली 1975 मध्ये. कॅप्टनचे तीन तारे उतरवून साहेब अबूला प्रोबेशनर म्हणून उभे राहिले. परेडचे उस्ताद त्यांना काही शिकवायला जात नसत. कायद्याच्या तासाला मात्र ते मागच्या बाकावर बसत, हे त्यांनीच मला सांगितलंय.

लोकांचा एक ठाम समज असतो, की फौजेतून आलेला माणूस कडक असणार, पहिल्या झटक्यात दंडुका काढणार. साहेब बरोबर उलटे होते. बळ वापरायच्या बाबतीत इतका हात आखडता घेणारा अधिकारी मी दुसरा पाहिला नाही. फौजेत मुलकी मदतीच्या, म्हणजे दंगलीत प्रशासनाच्या मदतीला उतरण्याच्या, कामाचे नियम अगदी बारकाईनं घोटून घेतात. हवेत गोळी मारायची नाही. मारायचीच तर एका जवानाला नावानं सांगायचं, निशाण दाखवायचं, एक राऊंड, कमरेखाली, नंतर रिकामं काडतूस उचलायचं. आणि या सगळ्याच्या आधी जागेवर हजर असलेल्या मॅजिस्ट्रेटची सही कागदावर घ्यायची. 1965 नंतर साहेबांची तुकडी एकदा दंगलीत अशी उभी राहिली होती. मॅजिस्ट्रेटनं सही केली, साहेबांनी कागद खिशात ठेवला आणि गोळी न मारता जमाव पांगवला. तो कागद खिशात असल्याचा धीर काय असतो, हे साहेब अजून सांगतात.

माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथंच आहे. फौजेत असा कागद दुसरा कोणीतरी आणून देतो. पोलिसात तो आपणच लिहायचा असतो.

तो दिवस

1975 ची आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मे महिना. साहेब एका तालुक्याच्या ठाण्याची वार्षिक तपासणी करायला गेले होते, म्हणून मीही सोबत. मुद्देमालाची खोली बघून झाली होती, क्राइम रजिस्टर चालू होतं. चारच्या सुमारास ठाणे अंमलदार आत आला. मामलेदार कचेरीवर पाण्याचा मोर्चा आलाय, पुढं बायका घागरी घेऊन, मागं पोरं. मोर्चाला परवानगी होती. ठाण्याची निम्मी माणसं एका जत्रेच्या बंदोबस्ताला गेलेली.

आम्ही पोहोचलो तोवर घागरी फुटायला लागल्या होत्या. अमुक गावचा टँकर दुसरीकडं वळवला, अशी बातमी मोर्चात पसरली होती. खरी का खोटी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बायका बाजूला झाल्या आणि दगड सुरू झाले. साहेबांनी फौजदाराला दहा-बारा माणसांची रांग फाटकाशी लावायला सांगितली, काठ्या आडव्या, मारायच्या नाहीत. ते स्वतः कचेरीत शिरले, मामलेदारांकडून लेखी हुकूम घ्यायला.

इथं कायदा बघायला हवा. नवीन फौजदारी प्रक्रिया संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली होती. तिचं कलम 129 म्हणतं, बेकायदा जमाव पांगवायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाण्याचा प्रभारी देऊ शकतो, आणि तो नसेल तर फौजदार किंवा त्यावरचा कोणताही पोलीस अधिकारी देऊ शकतो. साहेब एसपी. त्यांना कुणाच्या सहीची गरज नव्हती. दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो तो कलम 130 खाली, सशस्त्र सेना बोलावताना. साहेबांना हे पाठ होतं. पण घाईच्या वेळी माणूस पाठ केलेलं विसरतो आणि सवयीनं वागतो. त्यांची सवय होती, आधी सही.

मामलेदार घाबरलेले. नमुना सापडेना, मग प्रांतांना फोन लावायचा म्हणाले, लाइन लागेना. मी दाराशी उभा. माझ्या घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटं गेली.

कचेरीच्या डाव्या अंगाला उपकोषागार होतं. तिथं एक-चारची गार्ड, म्हणजे एक हवालदार आणि चार शिपाई, त्यातले दोन जेवायला गेलेले. फाटकाची रांग चुकवून पंचवीस-तीस पोरं मागच्या बोळातून तिकडं गेली. एकाच्या हातात पहार होती. ती त्यानं जाळीच्या दारात अडकवली. हवालदारानं दोनदा ओरडून सांगितलं, थ्री-नॉट-थ्री रायफल भरली, पुन्हा ओरडला. दगड त्याच्या कपाळाला लागला होता. त्यानं एक राऊंड मारला. एकोणीस वर्षांच्या पोराच्या मांडीत गोळी घुसली.

आवाज झाला तेव्हा साहेब मामलेदारांच्या टेबलासमोर उभे होते. ते पळतच बाहेर आले. मैदान मिनिटभरात रिकामं झालं होतं, फक्त घागरी लोळत होत्या. साहेबांनी त्या पोराला स्वतःच्या जीपमध्ये घातलं, मांडीला माझा टॉवेल बांधला. पोरगं वाचलं. पाय थोडा अधू राहिला.

सात वाजता कलेक्टर आले. हवालदार भिंतीला टेकून उभा, हात थरथरतायत. कलेक्टरांनी विचारलं, "फायरिंगची ऑर्डर कोणी दिली?"

साहेब म्हणाले, "हुकूम माझा होता."

रात्र

विश्रामगृहावर आलो. त्या रात्रीच तातडीचा अहवाल परिक्षेत्राच्या डीआयजींकडं आणि मुंबईला गृह विभागाकडं जायचा होता. मसुदा करणं माझं काम. साहेबांनी तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं. जमाव उपकोषागाराकडं वळला, मी परिस्थिती पाहून गार्ड हवालदारास एक राऊंड कमरेखाली मारण्याचा आदेश दिला, वगैरे. खाली सही केली. म्हणाले, "वायरलेसला दे."

मी दिला नाही. ठाण्यात गेलो, स्टेशन डायरी उघडली. ठाणे अंमलदारानं साहेब कचेरीत गेल्याची वेळ लिहिली होती आणि गोळीच्या आवाजाचीही. माणूस नेमका होता बिचारा, त्या दिवशी त्याचा नेमकेपणा मला नकोसा झाला. मामलेदारांचा जबाब घेतला जाणारच होता, आणि साहेब माझ्यासमोर उभे होते असंच ते सांगणार होते. डायरीच्या पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही. फाडता आलं असतं तरी मी फाडलं नसतं, असं आज म्हणायला सोपं आहे.

रात्री दोन वाजता मी दुसरा मसुदा आणि संहितेची प्रत घेऊन साहेबांच्या खोलीचं दार वाजवलं. जागेच होते. मी म्हटलं, "साहेब, हा कागद गेला तर हवालदार बुडतो."

ते चिडले. "मी त्याला वाचवतोय. माझा माणूस आहे तो. त्याच्या हातून जे झालं ते माझ्या कमांडखाली झालं."

मी कलम 132 उघडून दिलं. जमाव पांगवताना केलेल्या कृतीला संरक्षण देणारं कलम. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात चार खंड आहेत. खंड (अ) दंडाधिकारी आणि पोलीस अधिकाऱ्यांचा, तिथं अट आहे सद्भावनेची. खंड (ड) सशस्त्र सेनेच्या माणसाचा, तिथं अट आहे जो हुकूम पाळणं बंधनकारक होतं तो पाळल्याची. साहेबांनी दोन्ही खंड तीन-चार वेळा वाचले. मग मी भारतीय दंड संहितेचं कलम 76 सांगितलं. त्यातलं पहिलंच उदाहरण सैनिकाचं आहे: वरिष्ठाच्या आज्ञेवरून, कायद्याच्या आदेशानुसार, सैनिक जमावावर गोळी झाडतो, त्यानं गुन्हा केलेला नाही. उदाहरणाला कायद्यानं सैनिकच घेतलाय.

हवालदाराचा बचाव वेगळाच होता. तो फौजदाराच्या खालचा, म्हणजे 129 खाली स्वतःहून हुकूम देणारा तो नाही. त्याच्याकडं होता तो कोणाही माणसाकडं असतो तो खासगी बचावाचा हक्क, कलम 96 ते 106. स्वतःच्या जिवाचा आणि ताब्यातल्या तिजोरीचा. पण हा हक्क उभा राहतो तो त्या क्षणी त्या माणसाला स्वतःला काय दिसलं, काय वाटलं यावर. पहार, कपाळावरचा दगड, तीन वेळा दिलेला इशारा. हा सगळा त्याचा माल. साहेबांनी हुकूम दिला असं लिहिलं की त्यानं धोका पाहून गोळी मारलीच नाही, सांगितलं म्हणून मारली असा अर्थ होतो. आणि तो हुकूम उद्या डायरीतल्या वेळांवरून खोटा ठरला की हुकूमही गेला, धोकाही गेला. वर कुणाला तरी वाचवायला सरकारी कागद खोटा लिहिल्याबद्दल कलम 218. ते साहेबांवर, आणि मसुदा माझ्या हातचा म्हणून माझ्यावरही. हे शेवटचं मी बोललो नाही. पण मनात होतं, आणि इतक्या वर्षांनी प्रकरण लिहायला बसलोच आहे तर तेही लिहायला हवं. मी त्या रात्री फक्त हवालदाराचा विचार करत नव्हतो.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हा फौजी असता तर माझ्या हुकुमानं वाचला असता. पोलीस आहे म्हणून माझ्या हुकुमानं बुडेल."

दुसऱ्या मसुद्यात लिहिलं होतं की गोळीबाराच्या वेळी पोलीस अधीक्षक तहसीलदारांच्या दालनात होते. आदेश दिलेला नव्हता. गार्ड हवालदारानं स्वतः परिस्थिती पाहून एक राऊंड झाडला. साहेबांनी सही करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. असं दोनदा झालं. पहाटे चारला सही झाली. पहिला मसुदा त्यांनी मला फाडू दिला नाही, घडी घालून स्वतःच्या बॅगेत ठेवला.

पुढं काय झालं

कागद सुधारला, पण कलेक्टरांपुढं बोललेलं वाक्य कसं सुधारणार? दंडाधिकारीय चौकशीत ते आलंच. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही त्या संध्याकाळी हुकूम माझा होता असं म्हणालात का? साहेबांनी सांगितलं, म्हणालो, आणि ते चुकीचं होतं. एवढंच. का म्हणालो याचं स्पष्टीकरण दिलं नाही. माझ्या मते द्यायला हवं होतं. फौजेत अधिकारी कारणं देत बसत नाही ही सवय इथंही आड आली.

हवालदाराच्या गोळीबाराला चौकशीत समर्थनीय ठरवलं गेलं. पण त्या एका वाक्यामुळं संशय शिल्लक राहिला होता, की सायंकाळी एक आणि सकाळी दुसरं, मग मधल्या रात्री काय शिजलं? त्यामुळं त्याची खातेनिहाय चौकशी वेगळी लागली, इशारा खरंच दिला का यावर. दोन वर्षं चालली. तेवढा काळ त्याची बढती अडकली. शेवटी निर्दोष सुटला, पण त्याच्या मागून आलेले जमादार होऊन गेले होते. साहेबांच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला. अपील करायची मुदत होती, मी मसुदाही करून ठेवला होता. त्यांनी केलं नाही.

आमच्या खात्यात 'जबाबदारी निश्चित करणे' असा शब्दप्रयोग आहे. कोणतंही प्रकरण झालं की वरून पत्र येतं, जबाबदारी निश्चित करून अहवाल सादर करावा. फौजेतून आलेल्या माणसाच्या तोंडी शब्द असतो 'जबाबदारी घेणे'. साहेब जन्मभर या दोन क्रियापदांच्या मधे राहिले, असं मला वाटतं. ते पुढं डीआयजी झाले, आयजी होऊन निवृत्त झाले, पण बंदोबस्ताच्या त्यांच्या पद्धतीत त्या मे महिन्यानंतर एक बदल झाला तो कायमचा. बंदोबस्त स्कीम वाचून दाखवल्यावर ते सगळ्यात टोकाच्या पॉइंटवरच्या शिपायाला उभं करायचे. "तुझ्याजवळ कोणी नाही, वायरलेस बंद आहे, आणि लोक आले. तू काय करशील?" शिपाई गडबडायचा, वरिष्ठांना विचारीन म्हणायचा. "वरिष्ठ नाहीत. तू काय करशील?" उत्तर येईपर्यंत खाली बसू द्यायचे नाहीत. काही फौजदार याला कुचेष्टा समजायचे. आणि खिशात एक छोटी वही आली. कुठं, किती वाजता, काय पाहिलं. दर तासाला दोन ओळी.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, हा शहाणपणा तुम्हाला सोलापुरात लहानपणीच कळायला नको होता का? कारण फौज आणि पोलीस यांचं नातं या शहराला 1930 पासून माहीत आहे. 8 मे ला गोळीबारात शंकर शिवदारे गेले, मंगळवार पेठेची चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले, आणि 12 मे ला लष्कराच्या हाती शहर गेलं. पोलिसांच्या त्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. साहेबांचे वडील तेव्हा तरुण होते. साहेब म्हणाले, "वडील एकच सांगायचे, लष्कर आलं तसं गेलं. चौकी पुन्हा तिथंच बांधली." यावर मी पुढं काही विचारलं नाही.

हल्ली सोलापुरात फौज आणि पोलीस असा विषय निघाला की पोरं अशोक कामटेंचं नाव घेतात. घेणारच. आजोबा ना. म. कामटे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक, वडील लष्करात लेफ्टनंट कर्नल, आणि ते स्वतः इथं पोलीस आयुक्त होते. इथून मुंबईला गेले आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री शहीद झाले, मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते घराणं वेगळं, तो काळ वेगळा. माझ्या साहेबांच्या प्रकरणात गोळी लागली ती एका तहानलेल्या गावच्या पोराला, म्हणून ते कुठं छापून येत नाही.

1 जुलै 2024 पासून संहिता बदलली. जुनी 129 ते 132 ही कलमं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 148 ते 151 आहेत. बॅचमधल्या माजी सैनिकांना मी 151 वाचायला लावतो, आणि विचारतो, तुमचा खंड कोणता? सुरुवातीला सगळे हुकूम पाळण्याचाच सांगतात.

तो हवालदार आता ऐंशी पार आहे. दर संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या दिवसांत, मुलाबरोबर सोलापूरला येतो. साहेबांसाठी हुरड्याची पिशवी आणतो. होटगी रोडच्या घरी दारातच टाचा जुळवून सलाम करतो, साहेब उठून उभे राहतात. मग दोघं सिद्धेश्वरच्या यात्रेला गर्दी किती यावर बोलत बसतात. मी तिथं असलो तर मला रामराम करतो, पण पिशवीतलं देत नाही. त्याच्या लेखी साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची गोळी स्वतःवर घेतली होती, आणि रात्रीत तो कागद कुणीतरी बदलला. तो कुणीतरी कोण, हे त्याला ठाण्यातल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं. साहेबांनी दोनदा समजावलं त्याला, मागच्या वर्षी तर कलमासकट. तो सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो.

"बरोबर असंल साहेब," म्हणतो, "पण तुम्ही म्हणाला होता."